डिझेल पिकअपमधील डेफ: टाकी कुठे असते, तोंड कुठे असते आणि द्रव कसा भरावा

अमेरिकेत कॅम्पर, घोड्यांचा ट्रेलर किंवा बांधकामाचे सामान ओढण्यासाठी ज्यांनी पहिल्यांदाच हेवी ड्यूटी डिझेल पिकअप घेतला आहे, त्यांना इंधनाचे दार उघडल्यावर बहुधा दोन तोंडे दिसतात. एक डिझेलचे असते आणि दुसरे, निळ्या झाकणाचे, डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडचे. या द्रवाला तिकडे सर्वत्र ‘डेफ’ म्हणतात, युरोपात तो ‘अ‍ॅडब्लू’ या व्यापारी नावाने ओळखला जातो आणि आपल्याकडे महामार्गावरचे चालक त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. हा द्रव भरणे मुळीच अवघड नाही. जे मोठे खर्च उद्भवतात, ते जवळजवळ सगळे तीन गोष्टींमुळे: चुकीच्या तोंडात भरणे, अस्वच्छ किंवा जुना द्रव भरणे, आणि डॅशबोर्डवरची सूचना पेटेपर्यंत वाट पाहणे. म्हणून या लेखाचा सर्वाधिक भर या तीन बाबींवर आहे.

हा द्रव नेमका काय करतो

डेफ म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले क्षारविरहित पाणी. तो डिझेलमध्ये मिसळायचा नसतो. एक पंप तो स्वतंत्र टाकीतून ओढतो आणि एक इंजेक्टर त्याचा बारीक फवारा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम नळीत मारतो. तेथील उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढच्या उत्प्रेरकात हा अमोनिया धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावून त्यांचे साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ यांत रूपांतर करतो. या पद्धतीला सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शन, म्हणजे एससीआर, म्हणतात. अमेरिकेत २०१० पासून जड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा फार कडक झाली, आणि त्यानंतर ही पद्धत पिकअपमध्येही आली. फोर्डच्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक आणि जनरल मोटर्सच्या ६.६ लिटर ड्युरामॅक्स इंजिनांनी ती २०११ च्या मॉडेलपासून स्वीकारली, तर रॅमच्या २५०० आणि ३५०० पिकअपमधील कमिन्स इंजिनाने २०१३ च्या मॉडेलपासून. (कोथरूडमुळे पुणेकरांच्या परिचयाचे असलेले कमिन्स ते हेच.) त्यामुळे २०११ किंवा २०१२ चा जुना रॅम पिकअप घेतला असेल आणि डेफचे तोंड सापडत नसेल, तर ते कोणी काढून टाकले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही, कारण त्या पिकअपमध्ये ते मुळात नव्हतेच.

टाकी एकीकडे, तोंड दुसरीकडे

नवख्या मालकाने सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट ही, की द्रव ओतायचे तोंड जिथे आहे त्याच्या लगेच खाली टाकी असेलच असे नाही. टाकी जाड प्लॅस्टिकची असते आणि गाडीखाली चासीला आधार देऊन बसवलेली असते. तिच्या आतच पातळी मोजणारा सेन्सर, द्रव तापवणारा हीटर आणि पंप यांची जोडणी असते. तोंडापासून टाकीपर्यंत एक लांब नळी जाते, आणि ती कधी कधी बरीच वळणे घेते. द्रव भरताना फेस येतो किंवा टाकी भरण्याआधीच नोझल बंद पडते, त्याचे कारण बहुतेक वेळा ही नळी असते.

फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपवर, म्हणजे एफ-२५० आणि त्यावरील मॉडेलांवर, डेफचे तोंड चालकाच्या बाजूला डिझेलच्या तोंडाशेजारी, एकाच दाराआड असते. रॅम २५०० आणि ३५०० वरही तशीच रचना आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा यांच्या एचडी, म्हणजे हेवी ड्यूटी, पिकअपवर मात्र पिढीनुसार फरक पडतो. २०२० च्या मॉडेलपासून त्यांच्यातही तोंड इंधनाच्या दाराआड आले. त्याआधीच्या पिढीत, विशेषतः २०१७ ते २०१९ च्या गाड्यांत, ते बॉनेटखाली उजव्या बाजूला आहे आणि टाकी त्याच बाजूला केबिनखाली लटकलेली आहे. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने हा फरक आधीच पाहून ठेवावा, कारण बॉनेटखाली ओतणे आणि इंधनाच्या दारातून ओतणे ही दोन वेगळी कामे आहेत. बॉनेटखालच्या तोंडात पंपाचे नोझल पोहोचवणे गैरसोयीचे होते, म्हणून तिथे बहुतेक मालक कॅनच वापरतात.

टाकी गाडीखाली असल्यामुळे आणखी काही गोष्टी ओघाने येतात. कच्च्या रस्त्यावर किंवा शेतात गाडी नेणाऱ्याने वर्षातून एकदा तरी खाली वाकून टाकीचे आवरण, पट्टे आणि नळ्या पाहाव्यात. बाजूला पायऱ्या किंवा रनिंग बोर्ड बसवून घ्यायचे असतील, तर ते टाकीच्या जागेशी जुळतात का, हे विक्रेत्याला विचारावे. मागचा मूळ हौदा काढून त्या जागी सपाट फ्लॅटबेड बसवलेला असेल, तर दोन्ही तोंडे नव्या ठिकाणी हलवलेली असतात, आणि त्यांवरची मूळ चिन्हे अनेकदा गायब झालेली असतात. अशी गाडी ताब्यात घेतली, की पहिल्याच दिवशी कोणते तोंड कशाचे आहे याची मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.

टाकीची क्षमता मॉडेलनुसार बदलते. या वर्गातील पिकअपमध्ये ती साधारण ५ ते ८ गॅलन, म्हणजे १९ ते ३० लिटरांच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत पाहावा आणि तो लक्षात ठेवावा, कारण किती कॅन विकत घ्यायचे हे त्यावरच ठरते.

केव्हा भरावे

डेफचा खप सर्वसाधारणपणे डिझेलच्या खपाच्या दोन ते तीन टक्के असतो. म्हणजे १०० गॅलन डिझेल जळाले, तर अंदाजे दोन ते तीन गॅलन डेफ खर्च होतो. जड ट्रेलर ओढताना, चढावर आणि उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते, आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर धावत असेल तर ते कमी होते. त्यामुळे ‘मागच्या वेळी इतके मैल चालले होते’ या हिशेबावर लांबचा प्रवास आखू नये.

माझे मत असे, की काटा निम्म्यावर आला की भरावे. टाकी निम्मी असताना बाजारात सर्रास मिळणारा अडीच गॅलनचा, म्हणजे साडेनऊ लिटरचा, एक पूर्ण कॅन बहुतेक टाक्यांत निश्चिंतपणे मावतो, आणि अर्धवट उरलेला उघडा कॅन घरी सांभाळण्याची वेळ येत नाही. ट्रेलर घेऊन दोन-तीन राज्ये ओलांडायची असतील, तर निघण्याच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण भरावी.

वाट पाहिल्यास काय होते, तेही सांगणे आवश्यक आहे. पातळी कमी झाली, की आधी संदेश येतो आणि उरलेले मैल मोजले जाऊ लागतात. पुढे गाडीचा कमाल वेग मर्यादित केला जातो, आणि टाकी कोरडी पडल्यावर इंजिन पुन्हा सुरू केले असता किंवा डिझेल भरल्यावर काही मॉडेलांमध्ये वेग ताशी पाच मैलांच्या आसपास येतो. नेमके टप्पे कंपनीनुसार वेगळे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, हे निर्बंध सौम्य करणारे सॉफ्टवेअर देण्याचे आवाहन उत्पादकांना केले आणि २०२७ च्या मॉडेलपासून डेफ संपल्यावर अचानक शक्ती जाणार नाही अशी रचना अपेक्षित असल्याचे सांगितले. तथापि तुमच्या सध्याच्या गाडीत असे नवे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष बसवलेले नसेल, तर जुनेच टप्पे लागू राहतात.

कुठला द्रव घ्यावा

कॅनवर आयएसओ २२२४१ हा मानक क्रमांक आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एपीआयचे, प्रमाणचिन्ह असावे. फोर्ड, जीएम किंवा मोपार (रॅमचे सुटे भाग या नावाने विकले जातात) यांच्या नावाचा कॅन आणि दुसऱ्या कंपनीचा प्रमाणित कॅन यांत रसायनाच्या दृष्टीने फरक नाही आणि ते एकमेकांत मिसळले तरी चालतात. तेव्हा नावासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा कॅनची तारीख पाहण्यात दोन मिनिटे घालवावीत. मानकानुसार बंद कॅन २५ अंश सेल्सियसपर्यंत साठवला, तर साधारण १८ महिने टिकतो. सततचे ३५ अंश असल्यास हा काळ सहा महिन्यांवर येतो. ॲरिझोना किंवा टेक्सासमधील दुकानाच्या बाहेर उन्हात रचून ठेवलेले स्वस्त कॅन म्हणूनच घेऊ नयेत.

महामार्गावरील पायलट फ्लाइंग जे, लव्हज, टीए यांसारख्या ट्रक स्टॉपवर डेफचा पंप असतो. तिथे दर सहसा कॅनपेक्षा कमी पडतो, खप मोठा असल्यामुळे द्रव ताजा असतो आणि प्लॅस्टिकचा कचराही होत नाही. अडचण एवढीच, की हे पंप बहुधा मोठ्या ट्रकच्या रांगेत असतात. ट्रेलर जोडलेला असेल तर हीच रांग उलट सोयीची पडते. मात्र डिझेल आणि डेफ भरून झाल्यावर जागा लगेच मोकळी करावी. मागे उभ्या असलेल्या चालकाचे गाडी चालवण्याचे तास नियमाने मोजलेले असतात.

शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून घरीच डेफ तयार करण्याची कल्पना महाराष्ट्रातही १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम आल्यापासून अधूनमधून ऐकू येते. ती येथे वा तेथे कोठेही अमलात आणू नये. खताच्या युरियात बाययुरेट नावाची अशुद्धी, धातूंचे अंश आणि दाण्यांवरील लेप असतो. साध्या पाण्यात कॅल्शियम असते. हे सारे इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रात आणि उत्प्रेरकावर साचते, आणि उत्प्रेरकाची किंमत अनेक वर्षांच्या डेफच्या खर्चाहून अधिक असते. त्याच कारणाने द्रव कमी पडला म्हणून त्यात नळाचे पाणी घालू नये, आणि गोठू नये म्हणून कोणतेही अ‍ॅडिटिव्हही मिसळू नये.

प्रत्यक्ष भरणे

गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन आणि इग्निशन दोन्ही बंद करावीत. बॉनेटखाली तोंड असेल, तर इंजिन थोडे निवू द्यावे. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ, चिखल किंवा बर्फ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. हा टप्पा क्षुल्लक वाटतो, परंतु झाकणाभोवतीची माती आत पडली तर ती बाहेर काढण्याचा सोपा मार्ग नाही.

त्यानंतर तोंडावरील अक्षरे वाचावीत. निळा रंग ही सवयीची खूण आहे, पण बदललेली झाकणे आणि मळलेले रंग यांवर विसंबू नये. डेफच्या पंपाचे नोझल १९ मिलिमीटर व्यासाचे असते आणि डिझेलचे त्याहून जाड, त्यामुळे डिझेलचे नोझल डेफच्या तोंडात सहसा शिरत नाही. उलट दिशेने मात्र असे संरक्षण नाही: डेफचे नोझल आणि डेफचा कॅन डिझेलच्या तोंडात सहज जातात. म्हणूनच सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे डिझेलच्या टाकीत डेफ ओतणे. यावर एकच नियम पुरेसा आहे. दोन्ही द्रव भरायचे असतील, तर दोन्ही झाकणे एकाच वेळी कधीही उघडी ठेवू नयेत. एक काम संपवावे, झाकण घट्ट लावावे, मगच दुसऱ्या झाकणाला हात लावावा. या दरम्यान फोनवर बोलू नये, आणि सोबतच्या माणसाला ‘तू ते भर, मी हे भरतो’ असे काम वाटून देऊ नये.

बॉनेटखाली तोंड असलेल्या गाडीत आणखी एक सापळा आहे. तिथे शेजारीच काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते, आणि ते पाणी अमेरिकेत बहुधा निळ्या रंगाचे आणि तशाच मोठ्या कॅनमध्ये विकले जाते. निळे झाकण पाहून निळे पाणी ओतणारे लोक आहेत. डेफ स्वतः निळा नसतो, तो पाण्यासारखा रंगहीन असतो. ओतण्याआधी कॅनवरील नाव पुन्हा एकदा वाचावे.

कॅनने भरताना त्याच्यासोबत मिळणारी लवचीक नळी कॅनला घट्ट आवळावी आणि तिचे टोक तोंडात पूर्ण आत बसवावे. भरलेला कॅन दहा किलोपेक्षा थोडा अधिक वजनाचा असतो, आणि उंच पिकअपच्या बॉनेटपर्यंत तो उचलून धरणे सोपे नाही. उंची कमी पडत असेल तर मजबूत स्टूल घ्यावे. सुरुवातीला सावकाश तिरपा करावा. द्रव गचके घेत येऊ लागला, तर कॅन थोडा सरळ करून हवा आत जाऊ द्यावी. नरसाळे वापरायचेच असेल, तर ते फक्त डेफसाठी राखून ठेवलेले असावे. ज्यातून कधी तेल किंवा डिझेल ओतले गेले आहे ते नरसाळे धुतले तरीही वापरू नये.

पंपाने भरताना नोझल पूर्ण आत घालावे आणि पहिल्यांदा ते आपोआप बंद झाले, की थांबावे. डेफ फेसाळतो, त्यामुळे नोझल सुरुवातीलाच दोन-तीनदा बंद पडल्यास दांडा अर्धाच दाबून सावकाश भरावे. काही पंपांच्या नोझलमध्ये चुंबकीय कुलूप असते, आणि तोंडात त्याला जुळणारी चुंबकाची कडी नसेल तर द्रव येतच नाही. अशा वेळी पंप बिघडला असे समजून झटापट करण्यापेक्षा काउंटरवर विचारावे किंवा कॅन घ्यावा. टाकी काठोकाठ भरण्याचा अट्टहास करू नये. डेफ उणे ११ अंश सेल्सियसला गोठतो आणि गोठताना सुमारे सात टक्के फुगतो, त्याला जागा लागते.

झाकण लावल्यावर सांडलेला द्रव भरपूर पाण्याने लगेच धुवावा. तो वाळला की पांढरे खडे उरतात, आणि तांबे, पितळ तसेच विजेच्या जोडण्यांवर तो गंज चढवतो. रंगावर पडलेला द्रवही तसाच राहू देऊ नये. हाताला लागल्यास साबणाने हात धुणे पुरेसे आहे.

मग इग्निशन सुरू करून काटा पाहावा. तो लगेच हलला नाही, तर घाबरू नये: काही मॉडेलांत थोडे अंतर गाडी चालवल्यावरच पातळी अद्ययावत होते, आणि टाकी अगदी रिकामी झालेली असेल तर सूचना जाण्यासाठी किमान काही गॅलन भरावे लागतात. एक कॅन ओतूनही वेगमर्यादा कायम राहिली, तर दुसरा ओतून पाहावा आणि त्यानंतरच सेन्सरवर संशय घ्यावा.

चुकीच्या तोंडात गेले तर

डिझेलच्या टाकीत डेफ गेला, प्रमाण पेलाभर असले तरी, गाडी सुरू करू नये. इग्निशनची चावीही फिरवू नये, कारण इंधनाचा पंप तेवढ्यानेच चालू होऊन दूषित डिझेल पुढे ढकलू शकतो. पाण्यासारखा हा द्रव डिझेलपेक्षा जड असल्याने तो तळाशी बसतो, म्हणजे जिथून पंप इंधन ओढतो नेमके तिथेच. टाकी रिकामी करून धुतली, तर खर्च मर्यादित राहतो. तोच द्रव उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांच्यापर्यंत पोहोचला, तर संपूर्ण इंधनप्रणाली बदलावी लागू शकते. टो ट्रक बोलावावा आणि मेकॅनिकला काय, किती आणि केव्हा ओतले गेले ते न लपवता सांगावे.

डेफच्या टाकीत डिझेल किंवा काच धुण्याचे पाणी गेले, तरीही हाच नियम. डिझेल वर तरंगते, म्हणून ‘तळाचे डेफ तर शुद्ध आहे’ असा युक्तिवाद काहीजण करतात. पण त्याने रबरी सील फुगतात आणि थोडेसे तेलही उत्प्रेरकाला अपाय करते.

हिवाळा

मिनेसोटा, मिशिगन किंवा नॉर्थ डकोटात टाकीतील डेफ रात्री गोठणे ही नित्याची बाब आहे आणि गाडी त्यासाठीच घडवलेली आहे. द्रव गोठलेला असतानाही इंजिन सुरू होते, टाकीतील हीटर हळूहळू तो वितळवतो, आणि तोपर्यंत गाडी नेहमीप्रमाणे चालवता येते. ३२.५ टक्के हे प्रमाण असे निवडलेले आहे, की युरिया आणि पाणी एकत्रच गोठतात आणि एकत्रच वितळतात. त्यामुळे वितळलेल्या द्रवाचे प्रमाण बदलत नाही. गॅरेजमध्ये गोठलेला कॅनही फेकण्याची गरज नाही. तो घरात आणून आपोआप वितळू द्यावा, शेगडीवर किंवा हीटरसमोर ठेवू नये.

एक बारीक बाब हिवाळ्यात विशेष महत्त्वाची ठरते. इंजिन बंद केल्यावर डेफचा पंप नळीतील द्रव परत टाकीत ओढून घेतो, आणि त्याची हलकी घरघर ऐकू येते. हे काम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, बॅटरीची जोडणी काढू नये. नाहीतर नळीत राहिलेला द्रव तिथेच गोठून नळीला किंवा इंजेक्टरला इजा करू शकतो.

जुनी गाडी घेताना

सेकंड हँड डिझेल पिकअप पाहताना डेफचे झाकण उघडून त्याच्या काठावर पांढरे खडे साचले आहेत का, ते पाहावे. थोडे खडे असणे स्वाभाविक आहे. जाड थर असेल, तर निष्काळजीपणे भरले गेले आहे असे समजावे. शंका असल्यास रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने टाकीतील द्रवाचे प्रमाण तपासता येते. मानकाची मर्यादा ३१.८ ते ३३.२ टक्के आहे, आणि त्याखालचा आकडा पाणी मिसळल्याचे सुचवतो. डेफचा काटाच डॅशबोर्डवर दिसत नसेल, किंवा तोंड आहे पण टाकी काढलेली आहे, तर प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा कोणीतरी उखडून टाकलेली असण्याची शक्यता आहे. असे करणे क्लीन एअर ॲक्टनुसार बेकायदा आहे, अनेक राज्यांत अशी गाडी तपासणीत नापास होते आणि यंत्रणा पुन्हा बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीचा हिशेबच बदलून टाकतो. विक्रेत्याने ‘डेफचा त्रासच नाही’ हे गुण म्हणून सांगितले, तर सौदा करण्याआधी गाडीखाली वाकून टाकी, नळ्या आणि उत्प्रेरक जागेवर आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे किंवा जाणकाराला दाखवावे.